'पब्लिक स्फिअर'ला मराठीत काय म्हणावं?

शनिवारपेठकर : विद्यार्थ्यांसाठी जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांच्यावर टिपण लिहितोय. त्यांच्या १९६२च्या पुस्तकाचा कणा असलेल्या याच शब्दापाशी अडलोय. 'सार्वजनिक क्षेत्र' म्हटलं की पोरांना सरकारी बँका आठवतात. 'लोकावकाश' म्हणालो, तर एकीने विचारलं, "म्हणजे इस्रो का, सर?"

पारावरचा : 'चव्हाटा' घ्या की! चार वाटा मिळतात, कुणीही यावं, बोलावं.

शनिवारपेठकर : नको हो. चव्हाट्यावर येतात ती घरची भांडणं. हाबरमासना अभिप्रेत आहेत अठराव्या शतकातली लंडनची कॉफीगृहं. पेपर वाचायचा, कारभारावर वाद घालायचा. बोलणाऱ्याचा हुद्दा नाही, मुद्दा बघायचा.

जुनी वही : मूळ जर्मन शब्द 'ओफेंटलिशकाइट'. त्यात खुलेपणा आहे, क्षेत्रबित्र काही नाही. 'स्फिअर' इंग्रजी भाषांतरात चिकटला. सरळ 'सार्वजनिकता' म्हणा. पुण्यात हा शब्द मुरलेला आहे. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा ६,००० लोकांनी ९५ सभासद निवडून दिले होते. ती काढणारे गणेश वासुदेव जोशी तर 'सार्वजनिक काका'च झाले.

आता या 'सर्वां'त कोण कोण, हे विचाराच. दोनच वर्षं आधी, १८६८मध्ये, जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, कारण गावातलं पाणी सर्वांचं नव्हतंच. अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी हाबरमासना हेच विचारलं : तुमच्या त्या चर्चेत बायका आणि कामगार कुठे होते? पण म्हणून जोतीरावांनी शब्द टाकला नाही. त्यांचं शेवटचं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म', १८९१चं. शब्दातच 'सर्वजन' असल्यामुळे त्याला जाब विचारता येतो. 'लोकावकाशा'ला काय विचारणार?

पारावरचा : पटलं. पण 'सार्वजनिकतेत मत मांडलं' हे कानाला कसं लागतं?

जुनी वही : वाईट. तिथे 'जाहीर चर्चेत' लिहा. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, असा काही कायदा नाही.

शनिवारपेठकर : आणि आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप? हाबरमास यांनी २०२२मध्ये समाजमाध्यमांवरही लिहिलंय : प्रत्येक जण लेखक झाला, पण मजकूर पारखणारं संपादन सुटलं आणि जो तो आपापल्यांतच बोलू लागला.

पारावरचा : त्याला आमची आजी 'कोंडाळं' म्हणायची.

शनिवारपेठकर : वा! टिपणाला हाबरमास यांच्या पुस्तकाच्याच नावावरून 'सार्वजनिकतेचं रचनांतर' असं नाव देतो. आणि परीक्षेत कुणी 'कोंडाळं' लिहिलं, तर एक मार्क जास्त.