सीझनमध्ये कॅम्पग्राउंड (मोटरहोम लावायचा तळ) भरलं की दुपारी व्होल्टेज का पडतं?

चाकावरचं बिऱ्हाड:
अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या जोडणीवर चालणारं 30 अँपिअरचं मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी), छतावर 13,500 बीटीयूचा (गारव्याच्या क्षमतेचं माप) एक एसी. मेच्या सुरुवातीला निम्म्या जागा रिकाम्या असतात, तेव्हा एसी दिवसभर बिनतक्रार चालतो. जुलैत त्याच जागेवर सकाळी 118 व्होल्ट, दुपारी चारला 103, आणि संरक्षक यंत्र वीज तोडतं. रात्री दहानंतर पुन्हा सगळं ठीक. गाडीचं वायरिंग उघडायचं की ऑफिसात तक्रार करायची? ऑटोट्रान्सफॉर्मरने (व्होल्टेज वाढवणाऱ्या यंत्राने) काम भागेल का?

तारजोड:
आधी दोष कुणाकडे आहे ते बघा. ऐन चारच्या सुमारास एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, चार्जर सगळ्यांचे ब्रेकर पाडा आणि एका सॉकेटमध्ये मीटर लावून आकडा बघा. काहीच चालू नसताना 105 दिसत असेल, तर गाडीचा दोष नाही, वीज मुळातच कमी येतेय. रिकाम्या लोडवर 117 आणि एसी लागताच 104 होत असेल, तर आधी तुमच्याच जोडण्या तपासा.

खांबापासून गाडीपर्यंतच्या केबलवर संशय घेण्याआधी हिशोब करा. 10 गेज जाडीची 25 फुटी केबल म्हणजे जाऊन-येऊन 50 फूट तांबं, रोध साधारण 0.05 ओहम. 25 अँपिअरला जेमतेम सव्वा व्होल्ट पडतो. त्याच लोडला प्लगच्या जोडणीत 10 व्होल्ट पडत असतील, तर तिथे 250 वॅट उष्णता साठतेय. पाती तपकिरी पडतात, भोवतीचं प्लास्टिक मऊ होतं, जळका वास येतो. असा प्लग घासून वापरू नका, बदला. आणि जागेवरच्या वीज-खांबावरचं सॉकेटही ढिलं असेल तर जागा बदलून मागा, नाहीतर नवा प्लगही तिथेच जळेल.

खांब नंबर 41:
तुमचे आकडे वाचून मला कॅम्पग्राउंडचीच वीज कमी पडतेय असं वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वीज संहितेत 30 अँपिअरच्या जागेचा लोड 3600 व्होल्ट-अँपिअर धरतात, पण 36 किंवा जास्त जागा असल्या की एकूण लोडच्या फक्त 41 टक्के क्षमता पुरे मानतात. म्हणजे जागेमागे 1476 व्होल्ट-अँपिअर, 120 व्होल्टला सुमारे 12 अँपिअर. हे किमान बंधन आहे, पण बरेच जण तेवढंच बांधतात. आता एकटा एसीच 12 ते 14 अँपिअर घेतो. मेमध्ये निम्म्या गाड्या, त्यातही एसी मोजके, म्हणून निभावतं. जुलैत सगळे एसी एकाच वेळी लागतात आणि ओळीच्या शेवटच्या खांबाला सर्वांत जास्त झळ बसते. बुकिंग करताना वीजपेटीजवळची, दुपारी सावली पडणारी जागा मागा. फार फरक पडतो.

तारजोड:
ऑटोट्रान्सफॉर्मरबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. तो व्होल्टेज 10 टक्के वाढवतो, पण खांबाकडून करंटही तेवढाच जास्त ओढतो. शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी खाली जातं. त्यापेक्षा फ्रिज आणि गीझर गॅसवर घ्या. गीझरची विजेची कॉइल 1440 वॅटची, म्हणजे 12 अँपिअर तिथेच वाचले. एसी सकाळी दहालाच लावून गाडी गार करून ठेवा. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका बराच कमी होतो, चालू असतानाचा करंट मात्र तेवढाच राहतो.

संरक्षक यंत्र काढून टाकून एसी चालवू नका. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. 120 ऐवजी 103 मिळाले की सुरुवातीचा जोर चौथाईहून जास्त गेला. कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता करंट ओढत गुंडाळी तापवतो. बंद पडल्यावर एसीतल्या गॅसचा दाब समान व्हायला पाच मिनिटं द्या, मगच परत लावा.

हिवाळी पक्षी:
थंडीतही हेच होतं, फक्त वेळ बदलते. उत्तरेकडच्या गाड्या ॲरिझोना-फ्लोरिडाला उतरल्या की संध्याकाळी घरोघर 1500 वॅटचे हीटर लागतात, प्रत्येकी साडेबारा अँपिअर, आणि हीटर तर तासन्‌तास चालू. गाडी गरम करणारी गॅसची भट्टी असेल तर संध्याकाळी तीच वापरा.

चाकावरचं बिऱ्हाड:
सगळे ब्रेकर पाडून मोजलं, 105. पेटीजवळची जागा मागितली आहे, आणि गीझर गॅसवर घेतला.