रेषेवर ओरडणारा प्रशिक्षकच संघ घडवतो का?

गॅलरीतला जुना प्रेक्षक

काल येथे एका सदस्याने लिहिले की, रेषेवर उभे राहून ओरडणारा प्रशिक्षकच संघ घडवतो आणि कोल्हापूरच्या पोरांना तर धाकाशिवाय खेळताच येत नाही. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी चाळीस वर्षे फुटबॉलचे सामने पाहत आलो आहे. ऑफसाइडचा नियम मोडला की नाही, हे वरच्या पायऱ्यांवरून कोणालाच नीट कळत नाही. प्रशिक्षकाने पंचाकडे पाहून हवेत उडवलेला हात मात्र सगळ्यांना दिसतो, आणि पुढच्या दोन मिनिटांत गॅलरीत कोणती भाषा सुरू होते, हे येथे कोणाला सांगायला नको. पेठांच्या संघांमधली ईर्षा आपल्याकडे मुळातच भरपूर आहे. तिच्यात तेल ओतायला प्रशिक्षक कशाला हवा?

अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी पाहा. २०१८ मध्ये संघाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी कोणत्याही वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. २०२२ च्या विश्वचषकात सलग ३६ सामने न हरलेला त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. त्यांनी कोणाला बळीचा बकरा केले नाही. पुढच्या दोन सामन्यांत मॅक अ‍ॅलिस्टर, एन्झो फर्नांडिस आणि अल्वारेझ या तरुणांना सुरुवातीपासून उतरवले. त्यानंतर अर्जेंटिना विश्वविजेता झाला, ते आपल्या मिरजकर तिकटीच्या चौकापर्यंत ऐकू आले होते.

लाल मातीतला

ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. स्कालोनी यांचे नाव घेतले की निम्मे कोल्हापूर मान डोलावते, पण मग फर्ग्युसन यांचे काय? १९८६ ते २०१३ एवढा काळ त्यांनी मँचेस्टर युनायटेड सांभाळला आणि १३ वेळा इंग्लंडची लीग जिंकून दिली. फेब्रुवारी २००३ मध्ये संतापाच्या भरात त्यांनी लाथाडलेला बूट संघातल्याच बेकहॅमच्या भुवईला लागला, आणि त्याच हंगामात संघाने लीग जिंकली. मऊ बोलून हे होत नसते.

शिवाय हे गाव कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांचे आहे. तालमीच्या हौद्यात उतरलेल्या पोराला वस्तादाच्या आवाजाने घाम फुटलाच पाहिजे, ही आपली परंपरा आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

माजी बचावपटू

बेकहॅम त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून माद्रिदला गेला, हे आपण लिहिले नाही.

मी सतरा वर्षांचा असताना एका संघाकडून खेळत होतो. मागे दिलेला माझा एक पास तोकडा पडला आणि गोल झाला. प्रशिक्षकांनी मला तिथल्या तिथे बाहेर बोलावले आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात माझी लाज काढली. पुढच्या सामन्यापासून माझ्या पायाशी चेंडू आला की आमचेच प्रेक्षक माझ्या नावाने ओरडू लागले. मी काय करू लागलो, ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहू लागलो, म्हणजे कोणी माझ्याकडे पासच देणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की पोरगा धावतो आहे, जागा धरतो आहे. प्रत्यक्षात मी लपत होतो. दोन हंगामांत माझा खेळ संपला. धाकाने माणूस चुका करायचे थांबवत नाही, तो चेंडू मागायचे थांबवतो.

गंगावेशकर

मला फुटबॉलपेक्षा वस्तादांविषयी बोलायचे आहे, कारण वरच्या प्रतिसादात त्यांच्यावर अन्याय झाला आहे. माझे वडील तालमीत राहिलेले पैलवान होते. वस्ताद पहाटे पोराच्या आधी उठायचे, त्याच्या खुराकाकडे स्वतः लक्ष द्यायचे, दुखावलेला खांदा स्वतः चोळायचे. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की मात्र ते गप्प बसायचे. जे शिकवायचे ते हौद्यात शिकवून झालेले असे. रेषेवर आरडाओरडा करणाऱ्याला वस्ताद म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

लाल मातीतला

सगळेच वस्ताद गप्प बसत नव्हते! कुस्ती चालू असताना कडेने ‘पट काढ’ असा डाव ओरडून सांगणारे मी स्वतः पाहिले आहेत. आपल्या वडिलांचे वस्ताद तसे असतील, म्हणून साऱ्या परंपरेचे प्रमाणपत्र आपण देऊ नये.

गंगावेशकर

डाव सांगणे वेगळे आणि पोराचा पाणउतारा करणे वेगळे. हा फरक आपल्याला कळत नसेल, तर आपण लाल मातीचे नाव लावू नये.

एका खेळाडूची आई

दोघेही शांत व्हा. वस्ताद कसे होते यावर भांडताना एक गोष्ट सुटते आहे. वस्ताद वर्षानुवर्षे त्याच पोराजवळ असत. माझ्या मुलाला पाच वर्षांत चार प्रशिक्षक मिळाले, आणि संघ कोण उतरवतो हे प्रत्येक वेळी मंडळाच्या कार्यकर्त्यांनीच ठरवले. ज्याला पोराचे घर, शाळा, गुडघ्याचे दुखणे माहीत नाही, त्याच्या रागाला पोराने माया कशी समजावी? घरी आल्यावर मुलगा चुकांविषयी बोलत नाही, ‘आज सर चिडले होते का’ एवढेच सांगतो.

गॅलरीतला जुना प्रेक्षक

ताईंचे म्हणणे पटले. आता आपल्याच देशातले उदाहरण देतो. २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक स्टिमाक यांनी रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातचा चेंडू उडवला आणि त्यांना रेड कार्ड मिळाले. कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा रेड कार्ड मिळाले. उपांत्य आणि अंतिम सामन्यात ते बेंचवर नव्हते; सहायक महेश गवळी यांनी संघ सांभाळला आणि भारताने चषक जिंकला.

लाल मातीतला

त्या पाकिस्तान सामन्यात आपण ४-० ने जिंकलो, हेही लिहा. आपला माणूस आपल्यासाठी भांडतो आहे, हे पाहून खेळाडूंच्या अंगात बळ येते. मी स्वतः ते अनुभवले आहे. एकदा आमच्या गोलरक्षकाला जाणूनबुजून लाथ बसली, तेव्हा आमचे प्रशिक्षक पंचांवर तुटून पडले, आणि त्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी जीव टाकून खेळलो.

माजी बचावपटू

ते आपल्यासाठी ओरडले. माझे प्रशिक्षक माझ्यावर ओरडले.

लाल मातीतला

रात्री उशिरा लिहितो आहे. हा फरक मी केला नव्हता, हे कबूल करतो. ‘धाक’ हा शब्द मागे घेतो. रेषेवरचा आवाज मात्र मागे घेणार नाही, आणि वस्तादांविषयी गंगावेशकरांशी माझे अजिबात पटलेले नाही. त्यांनी येत्या कुस्तीच्या मैदानाला खासबागेत माझ्याशेजारी बसावे, कडेने कोण कोण ओरडते ते दोघे मिळून पाहू.