हॉटस्पॉटवरून ऐकू येतं, पण माझा आवाज तुटतो (डीएमआर, इंदूर)

नवा_व्हीयू३ (लोकमान्य नगर, इंदूर)
नमस्कार मंडळी. हॅम (हौशी) रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आणि डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) आयडी दोन्ही हातात आहेत. घरातून हँडसेटवर एकही डिजिटल रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) लागत नाही, म्हणून रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू या छोट्या संगणकावर सिम्प्लेक्स (एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने ऐकणारा-बोलणारा) एमएमडीव्हीएम रेडिओ बोर्ड बसवून पाय-स्टार हे सॉफ्टवेअर टाकलं आणि ब्रँडमाइस्टर या जगभरच्या डीएमआर नेटवर्कला इंटरनेटवरून जोडलं. हाच माझा हॉटस्पॉट. टॉकग्रुप (बोलण्याचा सामायिक गट) ४०४, म्हणजे भारताचा, त्यावरचे सगळे स्वच्छ ऐकू येतात. मी बोललो की समोरचे सांगतात, शब्द गिळले जातात. पाय-स्टारच्या डॅशबोर्डवर माझ्यापुढे बीईआर (चुकलेल्या बिट्सचं प्रमाण) ४ ते ५ टक्के दिसतो. हँडसेट ५ वॅटवर, बोर्डापासून हातभर लांब. फ्रीक्वेन्सी ४३५.५०० मेगाहर्ट्झ ठेवली आहे. हँडसेट बदलावा का? आणि एकदा टॉकग्रुप ९१ (जगभराचा) दाबला, तेव्हापासून परदेशातली बोलणी मधेच घुसतात. ती कशी थांबवायची?

रामबागकर
हँडसेट बदलू नका, त्यात काही बिघाड दिसत नाही. बीईआर म्हणजे हँडसेट ते बोर्ड एवढ्याच टप्प्यातली चूक. इंटरनेटचा त्याच्याशी संबंध नाही. ४ टक्क्यांवर आवाज तुटणारच. १ टक्क्याच्या खाली आणायचा, ०.५ च्या आसपास आला की निर्धास्त.

आधी पॉवर कमी करा. बोर्ड स्वतः जेमतेम १० मिलिवॅटवर बोलतो, त्याच्या रिसीव्हरवर हातभर अंतरावरून ५ वॅट ओतले की तो गुदमरतो. लो पॉवर लावा आणि दोन-तीन मीटर लांब उभे राहा.

मग ऑफसेट, म्हणजे फ्रीक्वेन्सीची बारीक दुरुस्ती. बोर्डावरचं क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी ठरवणारा भाग) नेमक्या फ्रीक्वेन्सीवर क्वचितच असतं. ४३४ मेगाहर्ट्झवर १ पीपीएमची (दहा लाखांत एक) चूक म्हणजे ४३४ हर्ट्झ, आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये फोर-एफएसके (डीएमआरचा चार पातळ्यांचा डिजिटल सिग्नल) वाचताना एवढा फरक चांगलाच जाणवतो. पाय-स्टारमध्ये कॉन्फिगरेशन, मग एक्स्पर्ट, मग एमएमडीव्हीएमहोस्ट उघडा. मोडेमच्या भागात आरएक्स-ऑफसेट आणि टीएक्स-ऑफसेट सापडतील. दोन्हींत आधी १०० टाका, बदल लागू करा, दहा सेकंद बोला, बीईआर लिहून ठेवा. मग २००, ३००. वाढत गेला तर उणे बाजूला वळा. कुठेतरी तो झपकन खाली येतो आणि पुढे पुन्हा चढतो. त्या खळग्याचा मध्य पकडा, पहिला बरा आकडा दिसला म्हणून थांबू नका. दोन्ही ऑफसेटना एकच क्रिस्टल लागू असल्यामुळे आकडा सहसा सारखाच चालतो.

हे सगळं ४०४ वर करायचं नाही. ९९९० हा पॅरट आहे, तुमचंच बोलणं परत ऐकवतो. कॉन्टॅक्ट जोडताना प्रकार प्रायव्हेट कॉल ठेवा.

बोर्ड उन्हाच्या खिडकीत किंवा गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. इंदूरच्या मे महिन्यात तिथे क्रिस्टल तापून सरकतं आणि हिवाळ्यात जुळवलेला आकडा चुकायला लागतो.

नवा_व्हीयू३
उणे ३५० वर ०.४ टक्के मिळतोय, पॅरटवर आवाज स्वच्छ. पण काल संध्याकाळी बीईआर तेवढाच असूनही पॅरटचं उत्तर तुटक आलं.

मोडी_आणि_मोर्स
मग ते इंटरनेट. पॅरटचं उत्तर नेटवरून येतं, डॅशबोर्डवर त्या ओळीत लॉसचा (हरवलेल्या डेटाचा) रकाना पाहा. तिथे टक्के चढलेले असतील तर पाय आणि राउटर यांच्यात शोधा. पाय झीरो डब्ल्यूचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि दाटीच्या वस्तीत तो पट्टा संध्याकाळी गजबजतो. राउटरजवळ ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा. ५ व्होल्टचा अडॅप्टर २ ॲम्पिअरचा हवा. फोनचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज पडून पाय अधूनमधून रीस्टार्ट होतो.

आता ९१. पीटीटी (बोलायचं बटण) दाबली की तो टॉकग्रुप तुमच्या हॉटस्पॉटला डायनॅमिक (तात्पुरता) म्हणून चिकटतो. टॉकग्रुप ४००० वर क्षणभर पीटीटी दाबा, सुटेल. ४०४ हवाच असेल तर ब्रँडमाइस्टरच्या संकेतस्थळावर आपल्या हॉटस्पॉटच्या पानावर तो स्टॅटिक (कायमचा जोडलेला) करून ठेवा. सिम्प्लेक्स बोर्डावर एकच प्रवाह मावतो. ९१ वर कोणी बोलत असताना ४०४ ची हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून स्टॅटिक यादी छोटी ठेवा.

कोडप्लगही (हँडसेटमध्ये भरलेली सेटिंग्ज) तपासा. स्लॉट २ (डीएमआर चॅनेलच्या दोन वेळ-भागांपैकी दुसरा), कलर कोड १ (दोन्हीकडे सारखा लागणारा आकडा), आरएक्स ग्रुप लिस्टमध्ये (ऐकायच्या गटांची यादी) फक्त हवे तेच टॉकग्रुप. डिजिटल मॉनिटर चालू असला तर यादी असूनही सगळं कानावर येतं. याच्या उलट तक्रारही नेहमीची: डॅशबोर्डवर बोलणारा दिसतो, हँडसेट गप्प. तेव्हा तो टॉकग्रुप यादीत घातलेला नसतो.

अँटेना_गच्चीवर
४३५.५०० तेवढं लगेच सोडा. आपल्याला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे खरं, पण ४३५ ते ४३८ उपग्रहांचा भाग. हॉटस्पॉट १० मिलिवॅटचा असला तरी शेजारच्या गच्चीवर कोणी उपग्रहाचा क्षीण सिग्नल पकडत असेल तर त्याच्या कानात तो ठणठणतो. ४३४ ते ४३५ मध्ये जा, आधी अर्धा तास ऐका. फ्रीक्वेन्सी बदलल्यावर बीईआर एकदा पडताळून पाहा.

खऱ्या रिपीटरच्या पल्ल्यात गेलात तर सवयी थोड्या बदलाव्या लागतात. पीटीटी दाबून परवानगीचा टोन येईपर्यंत थांबा, नाहीतर पहिला शब्द जातो. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर दोन सेकंद मोकळे सोडा, म्हणजे एखाद्याला हाक घालता येते आणि तातडीचा निरोप असला तर मधे शिरता येतो. नुसती पीटीटी दाबून रिपीटर उठतो का बघू नका. जोडलेल्या टॉकग्रुपवर त्या एका दाबाने अनेक शहरांतले रिपीटर एकदम उठतात आणि त्यांचा तो स्लॉट अडतो. चाचणी असेल तर कॉल साइन (परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव) सांगून करा.

इंदुरातल्या इंदुरातच बोलायचं असेल तर ४०४ कशाला अडवायचा? एकमेकांना ऐकू येत असेल तर थेट सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, हँडसेट ते हँडसेट) या. इंटरनेट बंद पडलं की हॉटस्पॉट तुम्हाला कुठेच पोचवत नाही, म्हणून हँडसेटमध्ये दोन-चार ॲनालॉग सिम्प्लेक्स चॅनेल आजच भरून ठेवा आणि शहरातल्या मंडळींशी ठरवून आठवड्यातून एकदा त्यावर हाक घाला.