सहीचा फॉर्म म्हणजे सगळ्याला परवानगी नाही
कोणीतरी म्हटलंय की ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर सही केली की संपलं, पण तसं नाहीये. २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, एका बाईंनी फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला (पोटात दुर्बीण घालून बघणं) संमती दिलेली, त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि ओव्हरी (अंडाशय) दोन्ही काढून टाकलं! कोर्ट म्हणालं पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, आईची संमती चालत नाही. आता भरपाई किती, तर २५ हजार आणि ऑपरेशनची फी माफ (हे मला अजूनही पटत नाही). कारण काय तर डॉक्टरांनी पेशंटच्या भल्यासाठीच केलं असं कोर्टाने धरलं.