मदत हवी आहे: पाव इंच मार्जिन धरूनही गोधडीचा ठोकळा लहान येतो

ठोकळा म्हणजे छोटे चौकोन जोडून केलेला तुकडा. माझे अडीच इंचाचे सुती चौकोन, एका ओळीत सहा. पाच शिलाया पाव इंचाने घातल्या, प्रत्येकीत दोन्ही चौकोनांचं पाव-पाव इंच गेलं, की ओळ साडेबारा इंच यायला हवी. माझी सव्वाबाराच येते, त्यामुळे शेजारच्या अखंड तुकड्याशी सांधे जुळत नाहीत.

कापड आधी धुऊन घेतलंय, त्यामुळे आटण्याचा प्रश्न नाही. कापलेले चौकोनही पुन्हा मोजले, बरोबर आहेत. सुईपासून पट्टीने पाव इंच मोजून मशीनवर टेप चिकटवली आहे, कड तिला लागूनच जाते. शिलाई दोन्ही थर एका बाजूला वळवून इस्त्री करते. मला वाटतं घडीतच थोडं कापड जातं. खळ देऊन पाहिली, पण पेडण्यातल्या या पावसाळी हवेत कापड लगेच मऊ पडतं.

मशीन जुनं, पायाचं, साध्या सरळ टाक्याचं. सुई डावी-उजवीकडे सरकत नाही. पाव इंचाच्या शिलाईचा खास फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) म्हापशाच्या बाजारात मिळाला नाही.

हिशेबाने प्रत्येक शिलाईत मिलिमीटरभर जास्त जातंय. मग टेप त्याच्या निम्मी सुईकडे सरकवू, की शिलाईचे दोन थर दोन बाजूंना उघडून इस्त्री केली तर फरक भरून निघेल? अशी उघडून इस्त्री केलेली शिलाई रोजच्या वापरातल्या, वरचेवर धुतल्या जाणाऱ्या गोधडीत टिकते का?