'ओपन क्रोमॅटिन'ला मराठीत काय म्हणाल? सैल, उघडं की मोकळं?

पाणवठा:
पेशीकेंद्रकावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी अडले आहे. क्रोमॅटिन म्हणजे पेशीकेंद्रकातला डीएनए आणि त्याच्याबरोबरची प्रथिनं. त्यातल्या 'ओपन क्रोमॅटिन'ला मी 'सैल' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'उघडं' केलं आणि समासात लिहिलं, 'सैल म्हणजे ढिलं.' आमच्याकडे वेणी सैल घालतात, कणीक सैल भिजवतात, त्यात काही वावगं नसतं. संदर्भ एटॅक-सीकचा, म्हणजे डीएनएत कुठे शिरता येतं ते शोधण्याच्या पद्धतीचा आहे. साधारण ५०,००० पेशी घेतात आणि टीएन५ नावाचं विकर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतात. डीएनएत जिथे शिरकाव मिळेल तिथे ते काप घेतं आणि कापलेल्या टोकांना स्वतःजवळचे छोटे तुकडे जोडतं. पुढे त्या टोकांवरून कुठे कुठे शिरता आलं याचा नकाशा तयार होतो.

नळीकांडी:
ताई, हे काम मी रोज करते. सैल नको, उघडंही नको. डीएनए हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला असतो, भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसा. एका गोळ्यावर डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्या, म्हणजे पावणेदोनच्या आतबाहेर वेढे. सैल म्हटलं की दोरी भोवऱ्यावरच आहे, नुसती ढिली, असं वाटतं. टीएन५ जिथे सहज शिरतं तिथे बहुधा भोवराच नसतो, जागा रिकामी असते. मोकळी जागा म्हणतो ना आपण, तसं 'मोकळं'. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट दिसतं त्या यूक्रोमॅटिनला खुशाल 'सैल' म्हणा. गोष्टी दोन आहेत, शब्दही दोन हवेत.

मूळधातू:
पण क्रोमॅटिन तसंच का ठेवायचं? वॉल्थर फ्लेमिंग यांनी ते नाव दिलं कारण ॲनिलिनचे रंग त्याला धरत होते. पुढे १८८८ मध्ये वाल्डायर यांनी क्रोमोसोम म्हटलं, त्यातही रंगच. मराठीत रंगसूत्र होतं, ते मागे पडून गुणसूत्र रुळलं. रंग गेला, गुण आला. मी 'रंजितक' सुचवतो.

सरमिसळ:
काका, 'रंजितक' वाचून मला रांजण आठवला. बारावीची मुलं क्रोमॅटिन म्हणतात, मास्तर क्रोमॅटिन म्हणतात. शब्द जिवंत आहे तो असू द्या.

मूळधातू:
महापौर पहिल्यांदा ऐकला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

पाणवठा:
'मोकळं' पटलं. पण पुढच्याच परिच्छेदात चिप-सीक आहे, म्हणजे एखादं प्रथिन किंवा खूण डीएनएवर कुठे कुठे आहे ते शोधण्याची पद्धत. त्यातल्या इम्युनोप्रेसिपिटेशनला मी 'प्रतिरक्षी अवक्षेपण' केलंय. चालेल?

सरमिसळ:
अवक्षेप कशाला? आमच्या घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचे आणि तळाशी बसेल तो साका. आजोबांच्या रसायनाच्या वहीतही साकाच आहे, त्यांच्या अक्षरातला 'पांढरा साका' मला अजून दिसतो.

नळीकांडी:
साका सुंदर शब्द आहे, पण नळीत काय घडतं ते बघा. पेशींवर एक टक्का फॉर्मल्डिहाइड टाकते, दहा मिनिटांत प्रथिनं डीएनएला जखडली जातात. मग ग्लायसीन घालून ते थांबवायचं. ध्वनिलहरींनी डीएनएचे काही शे जोड्यांचे तुकडे करायचे. हव्या त्या खुणेला, समजा हिस्टोन एच३ च्या सत्ताविसाव्या लायसीनवरच्या ॲसिटिलला, धरणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) घालायचं आणि सोबत चुंबकी मणी. नळी चुंबकाच्या मांडणीत ठेवली की मिनिटाभरात पाणी स्वच्छ होतं आणि मण्यांची तपकिरी रेघ नळीच्या कडेला चिकटते. तळाला काही बसत नाही. पूर्वी ॲगरोजचे मणी गरागरा फिरवून खाली बसवायचे, तेव्हा 'अवक्षेप' निदान डोळ्यांना पटायचा. माझ्या हाताला हे काम वेचण्याचं वाटतं. लाखो तुकड्यांतून खूण असलेले तेवढे वेचायचे. 'क्रोमॅटिन-वेचणी' का नको?

मूळधातू:
'वेचणी' मनापासून आवडला. संस्कृतातल्या 'वि' आणि 'चि'पासून आलेला, निवडून गोळा करणं. पण 'आयुष्य वेचलं' मधला वेचणे वेगळा, तो व्ययातून आला असावा. दोन्ही एकाच रूपात येऊन मिळाले.

सरमिसळ:
मला नाही पटत. आयुष्यही कणाकणानं वेचूनच द्यावं लागतं. धातू एकच.

पाणवठा:
लेख उद्या द्यायचा आहे. चिपसाठी 'वेचणी' लिहिते, पण कंसात मूळ नाव देऊ का? आणि संपादक 'मोकळं'ला 'खुलं' सुचवताहेत. त्याचं काय करू?

कापूसवेल:
वेचणीवरून सांगतो. आमच्याकडे यवतमाळात पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र, टपोरा. नंतर राहिलेल्या झाडांवर पुन्हा बोंडं धरतात, ती फरदड. ती वेचायला आई मला न्यायची. बोंडं लहान आणि टरफलं कडक, बोटं सोलवटायची. कमी पेशींतून कसंबसं जे हाती लागतं त्याला तुमच्या प्रयोगशाळेत काही वेगळं नाव आहे का हो, नळीकांडीताई?