भाषणाआधीचा शेवटचा तास: कागद वाचायचा की मेथी निवडायची?

शेवटचा बाक

गेल्या महिन्यात ऑफिसात एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मला बोलायचं होतं. पाचच मिनिटं, तेही ओळखीच्या तीसेक माणसांसमोर. तरी पहाटेपासून पोटात गोळा. कागद अकरा वेळा वाचला आणि दर वेळी नव्या ठिकाणी अडखळले. शेवटी सासूबाईंनी "ठेव गं ते बाजूला" म्हणत मेथीची जुडी पुढ्यात टाकली.

निवडायला बसले. मुळांना चिकटलेली ओली माती, मध्येच गवताची काडी, एखादं पिवळं पान. कोवळं देठ ठेवायचं, जून टाकायचं, एवढाच काय तो निर्णय. जुडी संपली तेव्हा लक्षात आलं, हातांचा गारठा गेलाय. भाषण काही गाजलं नाही, पण घशाला कोरड पडली नाही, आणि लोक हसले ते नेमकं कागदावर नसलेल्या वाक्याला.

तर माझं मत: शेवटच्या तासात कागदाला हात लावू नये. हातांना काम द्यावं. आणि मोबाईल चाळणं म्हणजे काम नव्हे!

कडू कारलं

असहमत. कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही. अकरा वेळा वाचलंत म्हणून निभावलं, श्रेय मात्र मेथीला. तयारी नसलेल्या माणसाला पोतंभर मेथी दिलीत तरी माईकसमोर ततपप होणारच.

शेवटचा बाक

तयारी नको असं कुठे म्हटलंय? आदल्या रात्रीपर्यंत करा की. पण अकराव्या वाचनात मी पाठ करत नव्हते, चुका शोधत होते. मला भीती मुद्दे विसरण्याची नव्हतीच, समोरच्या नजरांची होती.

दुपारचा चहा

यावर थोडं संशोधन आहे. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावली. निम्म्यांना आधी एक उतारा वाचायला दिला: साबणाचा वास, पाण्याची ऊब, ताटाचा स्पर्श यांकडे लक्ष ठेवा. बाकीच्यांना नुसतं भांडी कशी घासावीत ते वाचायला दिलं. पहिल्या गटाची अस्वस्थता २७ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही.

म्हणजे भांडी दोघांनीही घासली, गुण लक्ष देण्याचा. डोक्यात भाषण घोळवत मेथी निवडली तर भाजीत माती जाईल, बाकी काही नाही. शिवाय त्या विद्यार्थ्यांना पुढे भाषण करायचं नव्हतं, तेव्हा हा पुरावा फार ताणू नये.

तीन डबे

माफ करा, पण हा उपाय ऐकून हसू आलं. माझं व्याख्यान असतं त्या दिवशीही सकाळी तीन डबे, दोन भाज्या, कणीक, वर मुलाचं हरवलेलं आयकार्ड. हातांना काम भरपूर! धडधड मात्र तशीच. भाजी निवडताना माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं. रोज जे मानेवर बसलेलं असतं ते विरंगुळा कसं होईल? मला हवीत दहा मिनिटं, ज्यात कुणी हाक मारणार नाही. आमच्या ह्यांच्या भाषणाआधी मात्र त्यांना जरूर मेथी निवडायला देईन.

शेवटचा बाक

हे बरोबर आहे. त्या दिवशी बाकीचा स्वयंपाक सासूबाईंनी केला होता, हे लिहायचं राहिलं.

रिटायर्ड मास्तर

पंचवीसेक वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांना नेलं. माझा अनुभव उलटा आहे. भीती घालवूच नका. छाती धडधडते ती अॅड्रेनलिनमुळे, आणि आवाजाला धारही त्यानेच येते. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणणारे अधिक प्रभावी बोलले. अगदी थंड होऊन मंचावर गेलेलं पोर पाढे म्हटल्यासारखं बोलतं. मी तर स्पर्धेच्या ठिकाणी लवकर पोचून मुलांना सतरंज्या अंथरायला आणि खुर्च्या मांडायला लावायचो, अंग गरम राहतं.

शेवटचा बाक

मास्तर, सतरंज्या अंथरणं हे काम नव्हे का? :)

रिटायर्ड मास्तर

आहे. पण निवांत बसून नव्हे, पळापळ करून. आणि जिथे बोलायचं तिथेच. खुर्च्या स्वतः मांडल्या की ते सभागृह परकं वाटत नाही.

कडू कारलं

गांधीजींचंच घ्या. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, ३० रुपये फी परत केली. पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तिथल्या भारतीयांच्या सभेत बोलले ते सांगण्याजोगं काही होतं म्हणून. चरखा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. आधी मुद्दा हवा, मग मेथी.

नवशिका

वाद चालू द्या, माझी अडचण सोडवा. उद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावर बोलायचंय. मुद्दे तयार आहेत, समोर चेअरमन आहेत. घरात मेथी नाही, इस्त्रीचे कपडे आहेत. चालेल?

शेवटचा बाक

धावेल. कॉलरपासून सुरू करा, आणि खर्चाचा कागद दुसऱ्या खोलीत ठेवा.

कडू कारलं

निघताना प्लग काढा. आणि तो कागद घरी विसरू नका, चेअरमन आकडे विचारतील.